ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये मॅमथ, डायनासोर वगैरे टाकायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा नामशेष प्राण्यांचा मॉड (म्हणजे गेममध्ये वरून घालायची भर) शेअर केल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून सगळे एका जागी लिहून टाकतोय. एक गोष्ट आधी सांगतो. फाइलमधले टोकन (प्राण्याचा एकेक गुण सांगणारे ठरलेले शब्द) इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत, प्रत्यक्षात ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि चौकोनी कंसात टाकायचे. इथून कॉपी-पेस्ट करून "चालत नाही हो" म्हणू नका.

1. हा गेम नक्की कुठला आणि यात प्राणी टाकता येतात म्हणजे काय?

टार्न आणि झॅक अॅडम्स या दोन भावांचा गेम. पहिल्यांदा 2006 च्या ऑगस्टमध्ये आला, स्टीमवर चित्रांसकट 6 डिसेंबर 2022 ला आला. बुटक्यांची वसाहत, म्हणजे किल्ला, सांभाळायची, पण त्याआधी गेम अख्खं जग तयार करतो, डोंगर, नद्या, शेकडो वर्षांचा इतिहास, आणि त्यात कुठल्या जंगलात कुठले प्राणी किती हे सगळं. या प्राण्यांची माहिती साध्या टेक्स्ट फाइलींत असते, त्यांना रॉ फाइल म्हणतात. नोटपॅडमध्ये उघडतात. हत्तीचं वजन, आयुष्य, सोंड, सुळे, काय खातो, पाळता येतो का, सगळं तिथे ओळीओळीने लिहिलेलं आहे, म्हणजे तुम्ही नवीन ओळी लिहिल्या की नवीन प्राणी झाला.

2. कोडिंग येत नाही, जमेल का?

जमेल. यात प्रोग्रामिंग असं काही नाहीये, फॉर्म भरल्यासारखं आहे, फक्त फॉर्ममध्ये एक कंस चुकला तर बाकीचा फॉर्म गेम उलटासुलटा वाचतो. चुका कशा पकडायच्या ते प्रश्न 15 मध्ये.

3. फ्रीवालं व्हर्जन आहे माझ्याकडे, त्यात चालेल?

हो. क्लासिक व्हर्जन बे ट्वेल्व्ह गेम्सच्या साइटवर फुकट मिळतं आणि प्राण्यांच्या फाइली तशाच असतात. स्टीमवाल्यांना वर्कशॉपमधून एका क्लिकवर मॉड घेता येतो, तुम्हाला फोल्डर हाताने टाकावं लागेल एवढाच फरक. फक्त व्हर्जन 50 च्या आधीचं काहीतरी जुनं डाउनलोड करून ठेवलं असेल तर त्यात मॉड फोल्डरची ही पद्धतच नव्हती, तेव्हा नवीन घ्या.

4. फाइल कुठे टाकायची?

गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये आपल्या मॉडचं एक फोल्डर करायचं. त्यात इन्फो नावाची टेक्स्ट फाइल, तिच्यात मॉडचा आयडी, व्हर्जन नंबर, कुठल्या जुन्या व्हर्जनपर्यंत जुळतं ते, लेखक, नाव, वर्णन. व्हर्जन नंबर पूर्णांकच लागतो, 1.2 वगैरे दिखाऊ नंबराला वेगळी ओळ आहे. मग ऑब्जेक्ट्स नावाचं फोल्डर, त्यात प्राण्यांची फाइल. फाइलचं नाव क्रीचर आणि अंडरस्कोअरनेच सुरू झालं पाहिजे आणि फाइलच्या पहिल्या ओळीत तेच नाव पुन्हा लिहायचं. त्याखाली ऑब्जेक्ट:क्रीचर. मग प्राणी सुरू.

मूळ गेमच्या फाइली डेटाच्या आत व्हॅनिला फोल्डरमध्ये आहेत. त्या फक्त वाचायच्या. त्यातच खाडाखोड करून ठेवली तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं, आणि मग मला मेसेज येतो.

5. पहिला प्राणी कुठला करू?

मॅमथ. कारण त्याचा जिवंत नातेवाईक, हत्ती, गेममध्ये आधीच आहे. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोऱ्या पानावरून सुरू करायचं, पाय किती, फुप्फुसं किती, दात कुठल्या भागाला. कशाला? कॉपी_टॅग्ज_फ्रॉम:एलिफंट अशी एक ओळ लिहिली की सोंड, सुळे, चाल, पिल्लं, कातडी-चरबी-हाडं सगळं आयतं येतं. मग जे वेगळं आहे तेवढंच बदलायचं: नाव, वर्णन, आकार, केस आणि राहायची जागा.

आणि जागेतच सगळे आपटतात, मीपण आपटलो. हत्ती कॉपी केला की त्याचे उष्ण प्रदेशही सोबत येतात. मी खाली बायोम:टुंड्रा लिहिलं आणि खूश झालो, आणि जग तयार केलं तर माझे केसाळ मॅमथ उष्ण कटिबंधातल्या दमट जंगलात फिरतायत. जुने बायोम काढायला सीव्ही_रिमूव्ह_टॅग:बायोम लिहायचं असतं, ते मी लिहिलंही होतं, पण ते लागू करणारी अप्लाय_करंट_क्रीचर_व्हेरिएशन ही ओळ राहिली होती, आणि तिच्याशिवाय वरचं सगळं फक्त शुभेच्छा असतात. क्रम असा: कॉपी, काढायच्या गोष्टी, अप्लायची ओळ, मग गो_टू_स्टार्ट आणि नवीन नाव-गाव.

6. वजन कसं लिहायचं? मी 6000 टाकलं तर मॅमथ मांजराएवढा झाला.

झालाच असेल. बॉडी_साइजचा आकडा घनसेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे ढोबळमानाने ग्रॅम. एक किलोला 1,000. बुटका 60,000, माणूस 70,000, हत्ती 50,00,000 (फाइलमध्ये स्वल्पविराम द्यायचा नाही). केसाळ मॅमथचा मोठा नर साधारण 6 टनांचा धरतात, म्हणजे 60,00,000. तुमचा होता तो 6 किलोचा मॅमथ.

ओळीत तीन आकडे असतात: वर्ष, दिवस, आकार. 0:0 म्हणजे जन्मताना. मधल्या काळात गेम स्वतःच सरळ रेषेत वाढवतो. गेमचं वर्ष 336 दिवसांचं आहे, 28 दिवसांचे 12 महिने, म्हणून दिवसाच्या जागी 360 लिहू नका.

7. नाव देवनागरीत देता येईल का? "केसाळ हत्ती" असं?

नाही हो. गेम जुनी 256 चिन्हांची अक्षरमाला वापरतो आणि त्यात देवनागरी नाही, चौकोन नि कचरा दिसतो. रोमन अक्षरांत मराठी नाव मात्र बिनधास्त द्या, नाव एकवचन, अनेकवचन आणि विशेषण अशा तीन रूपांत लागतं. माझ्याकडे एक "डोंगरगावकर" आहे, तो प्रश्न 9 मध्ये भेटेल.

8. चालू असलेल्या किल्ल्यात नवीन प्राणी घुसवता येतो का?

नाही. मॉड जग तयार करतानाच निवडायचे असतात, कारण कुठल्या प्रदेशात कुठला प्राणी हे तेव्हाच ठरतं. नवीन जग करा. 40 वर्षांचा किल्ला सोडवत नाही हे मला कळतं, पण नाही म्हणजे नाही.

9. आपल्याकडचे, भारतातले, महाराष्ट्रातले प्राणी आहेत का तुझ्या मॉडमध्ये?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, त्यामुळे उत्तर लांब होणार.

चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला 1980 च्या दशकात एका लांब मानेच्या डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला, कवटी नाही मिळाली. 1997 मध्ये त्याला टायटॅनोसॉरसची एक जात म्हणून नाव दिलं आणि 2003 मध्ये तो वेगळाच निघाला म्हणून इसिसॉरस हे नाव आलं. माझा "डोंगरगावकर" तो हाच. इसि म्हणजे आयएसआय, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेवरून नाव पडलेला डायनासोर आपल्या विदर्भातला, आणि आपण पोरांना टी. रेक्सचे टीशर्ट घालतो.

दिसायला पण वेगळा. नेहमीच्या चित्रातल्या सॉरोपॉडपेक्षा (लांब मानेच्या डायनासोरपेक्षा) मान आखूड आणि जाड, पुढचे पाय लांब, त्यामुळे खांदे उंच नि पाठ मागे उतरती, बरीचशी तरसासारखी. हे वर्णनाच्या ओळीत नक्की लिहा, कारण गेममध्ये प्राणी डोळ्याला फार दिसत नाही, वाचायलाच मिळतो. लांबीचा अंदाज 18 मीटर वगैरे देतात, वजनाचे अंदाज मागेपुढे होतात, मी 15 टन धरून 1,50,00,000 टाकलंय.

आता गंमत. डोंगरगावजवळच पिसदुरा आहे, तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले तुकडे मिळतात. 2005 मध्ये त्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनासोरांच्या काळात गवत होतं असं फारसं कोणी धरत नव्हतं. ते शेण बहुतेक अशाच टायटॅनोसॉर जातीतल्या प्राण्यांचं. म्हणजे तुम्ही इसिसॉरसला स्टँडर्ड_ग्रेझर लावून कुरणात चरायला सोडला तर त्याला पुरावा आहे, पिसदुऱ्याच्या शेणाचा! त्याने फक्त गवतच खाल्लं असं नाही, झाडपाला जास्त होता, पण गेमला झाडपाला कळत नाही.

बाकी हिमयुगातले म्हणाल तर नर्मदेवरून नाव पडलेला प्रचंड हत्ती पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस, तो हत्तीची कॉपी करून आकार वाढवला की झाला. मांजरा खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेत. आणि जळगाव जिल्ह्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळालेत, त्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. शहामृग तर मूळ गेममध्ये आहेच, त्याला काही करायची गरज नाही.

10. डायनासोरच्या अंड्यांचं काय करू?

लेज_एग्ज लावा, अंड्याचा आकार आणि एका वेळची संख्या द्या. आकडे हवेत? मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात टायटॅनोसॉरची 92 घरटी नि 256 अंडी सापडल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. अंडी साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची. 16 धरून गोलाचं घनफळ काढलं तर 2,100 घनसेंटिमीटरच्या आसपास येतं, ते सरळ एग_साइजमध्ये टाका. क्लच_साइज 1:20 ठेवा, तिथल्या घरट्यांतही तेवढाच फरक होता. आणि मग पिल्लू 2,000 च्या वर नको ना, अंड्यापेक्षा मोठं पिल्लू बाहेर येत नाही! म्हणजे मोठेपणी 15 टन होणारं जनावर जन्मताना दोन किलोचं असतं. माझ्या किल्ल्यातलं पहिलं पिल्लू पाळीव मांजरापेक्षा लहान होतं.

नर नकाशावर पाहिजे नाहीतर अंडी फळत नाहीत, आणि अंड्यांसाठी घरट्याची पेटी बांधावी लागते. ती पेटी कोंबडीची आहे असं दिसतं, 15 टनांची मादी त्यावर बसते, त्याकडे दुर्लक्ष करा.

एक अडचण अशी की खरीखुरी वाढ ठेवायला मी 20 वर्षं टाकली होती आणि बहुतेक खेळाडूंचा किल्ला तेवढा टिकतच नाही. आता 6 वर्षांत पूर्ण वाढ ठेवलीय. इथे शास्त्राला थोडं बाजूला बसवलं.

11. टी. रेक्सला पिसं लावू का खवले?

त्याच्या कातडीचे जे ठसे मिळालेत ते खवल्यांचे आहेत. पिसं त्याच्या चीनमधल्या जुन्या नातेवाइकाला, युटायरॅनसला, होती आणि तीही भरपूर. म्हणून मी टी. रेक्सला खवले, लहान शिकाऱ्यांना पिसं असं ठेवलंय. खवल्यांसाठी मगरीच्या फाइलमधल्या शरीराच्या ओळी बघा, पिसांसाठी कुठल्याही पक्ष्याच्या. वजन 8 टन, म्हणजे 80,00,000. आयुष्य 25:30 दिलंय, शिकागोच्या फील्ड म्युझियममधली प्रसिद्ध "सू" मेली तेव्हा 28 च्या आसपास होती.

12. टी. रेक्सला मेगाबीस्ट केला तर भारी होईल ना?

भारी होईल पण तो मग प्राणी राहत नाही, राक्षस होतो. मेगाबीस्ट म्हणजे जगात मोजके, प्रत्येकाला नाव, इतिहासात गावं जाळतात आणि शेवटी किल्ल्यावर चाल करून येतात. टी. रेक्सचं तसं नव्हतं, त्याला पिल्लं होती, तो भुकेला असायचा, दुसऱ्याने मारलेलंही खात असणार. लार्ज_प्रेडेटर लावा, कळपाची संख्या 1:2 ठेवा, सॅव्हेज लावून रानटी प्रदेशापुरता ठेवा. दरवाजे फोडणारा टोकन मी मुद्दाम लावला नाही.

आणि राक्षसच हवे असतील तर ते गेममध्ये आहेत की. जमिनीखालून येणारे ते विसरलेले पशू गेम स्वतः बनवतो, आणि त्यांच्या वर्णनात थेरोपॉड, सॉरोपॉड, टेरोसॉर असे शब्द येतात, वर आग ओकणारे नि तीन डोळ्यांचे. ते तसेच असू देत.

13. माणसाळवता येतील? किल्ला सुरू करतानाच सोबत नेता येतील?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेट_एक्झॉटिक लावलं तर पिंजऱ्याच्या सापळ्यात पकडून शिकवता येतो, पण लक्ष दिलं नाही तर हळूहळू पुन्हा रानटी होतो. सुरुवातीलाच सोबत न्यायचा असेल तर पेट आणि कॉमन_डोमेस्टिक दोन्ही लागतात, म्हणजे तुमच्या संस्कृतीत हा प्राणी गाई-बकऱ्यांसारखा घरोघरी आहे असं गेम समजतो. मॅमथला ते देऊ नका असं माझं मत. लढाईसाठी तयार करायला ट्रेनेबल_वॉर. हत्तीवरून कॉपी केला असेल तर तो आयता येतो.

14. पाळलेला प्राणी उपाशी मेला. का?

ग्रेझर लावला असेल तर त्याला कुरण लागतंच, आणि प्राणी जेवढा मोठा तेवढं कुरण मोठं. जुन्या व्हर्जनमध्ये तर हत्ती भरल्या कुरणात उभे राहून मरायचे, कारण खायचा वेग भुकेला पुरतच नव्हता. आता स्टँडर्ड_ग्रेझर आकारावरून हिशोब करतो, तेव्हा हाताने आकडे टाकू नका. तरीही मरत असेल तर टोकन काढून टाका, मग त्याला काहीच खावं लागत नाही.

आणि हो, मांसाहारी पाळीव प्राणी किल्ल्यात काहीच खात नाहीत. टी. रेक्स पाळा, खर्च शून्य. बकरी जास्त महाग पडते.

15. गेम बंद पडतो किंवा प्राणी दिसतच नाही.

आधी गेमच्या फोल्डरमधली एररलॉग फाइल उघडा, नव्वद टक्के उत्तरं तिथेच असतात. नेहमीचे गुन्हेगार: कंस बंद केला नाही, फाइलच्या पहिल्या ओळीतलं नाव जुळत नाही, किंवा दुसऱ्या मॉडमध्येही त्याच आयडीचा मॅमथ आहे. आयडीच्या आधी आपलं काहीतरी लावा म्हणजे भांडण नको. दुसऱ्याचा किंवा मूळ गेममधला प्राणी फक्त बदलायचा असेल तर नवीन न बनवता सिलेक्ट_क्रीचर वापरा.

लॉग कोरा आहे आणि तरी दिसत नाही? मग बहुतेक तुम्ही जिथे किल्ला बांधलाय तिथे त्याचा बायोमच नाही, किंवा सॅव्हेज लावलाय आणि प्रदेश शांत आहे. जग पुन्हा पुन्हा बनवण्यापेक्षा टेस्टिंग अरीनात जाऊन प्राणी थेट उभा करा, तिथे उभा राहिला म्हणजे फाइल बरोबर आहे आणि घोळ जागेचा आहे.

16. मॅमथची लोकर काढता येईल का?

येईल, आणि मला वाटतं हीच मॉडची सगळ्यात आवडती गोष्ट आहे लोकांची. मेंढीच्या फाइलमध्ये केसांची वाढ आणि कातरता येणारा थर अशा ओळी आहेत, त्या सगळ्या जशाच्या तशा मॅमथखाली आणा. मात्र हत्तीच्या कॉपीत केसांचा थर नसेल तर आधी तो द्यावा लागतो, नाहीतर नसलेले केस कातरायला सांगितल्यासारखं होतं आणि लॉगमध्ये शिव्या येतात.

17. एक मॅमथ कापला आणि किल्ला ठप्प झाला.

सहा टनांचं जनावर आहे ते! मांस, चरबी, हाडं, कातडी, आतडी, सगळ्याच्या वेगळ्या वस्तू तयार होतात, गोदाम भरतं, उरलेलं सडतं, जांभळी दुर्गंधी बोगद्यात पसरते आणि बुटके उदास होतात. माझ्याकडे खाटकाचं दुकान जेवणघराशेजारी होतं, पुढचं सांगत नाही. दुकान बाहेरच्या दारापाशी ठेवा, कचऱ्याची जागा उघड्यावर ठेवा, कारण उघड्यावर दुर्गंधी तयार होत नाही. आणि कळप वाढू देऊ नका, एफपीएस, म्हणजे गेमचा वेग, झोपतो.

18. चित्र काढता येत नाही, मग?

चित्राशिवाय प्राणी अक्षर म्हणून दिसतो, मॅमथ म्हणजे एम, चालतंय की. चित्र टाकायचंच तर ग्राफिक्स फोल्डर, 32 बाय 32 पिक्सेलचे तुकडे, आणि कुठला तुकडा कुठल्या प्राण्याचा हे सांगणारी फाइल. मोठ्या प्राण्यांना तीन तुकडे रुंद, दोन उंच एवढी जागा मिळते. इसिसॉरस त्यात मावत नाही, मान वर गेली की शेपूट कापावी लागते. दुसऱ्याचं चित्र न विचारता उचलून वर्कशॉपवर टाकू नका, माझ्या मॅमथचं एकाने उचललं होतं, रंगसुद्धा बदलला नव्हता.

19. मॅमथ आणि डायनासोर एकाच जगात? मध्ये सहा-साडेसहा कोटी वर्षं आहेत ना?

आहेत, आणि बुटके, ड्रॅगनही आहेत. पण मलाही ते खटकतं, म्हणून दोन वेगळे मॉड केलेत, हिमयुगाचा एक आणि चंद्रपूरचा एक, तुम्हाला हवा तो लावा. दोन्ही लावणार असाल तर निदान बायोम वेगळे आहेत, मॅमथ बर्फाकडे, डोंगरगावकर गरम माळावर. व्यापारी लोकांनी दोघांना एकाच पिंजऱ्याच्या रांगेत आणून विकायला ठेवलं तर त्याला माझा इलाज नाही.